माठाखालच्या काड्या

मी शाळेचे युनिफॉर्म शिवते. सोलापुरात हे काम करणाऱ्या बायका गल्लोगल्ली सापडतील. कापलेले गठ्ठे घरी येतात, शिवून परत जातात. माझ्या गठ्ठे पोचवायच्या वाटेवर एक जुना यंत्रमाग कारखाना लागतो, टॉवेलचा. पत्र्याच्या शेडला लागून तारेचं कुंपण आणि त्या कुंपणावर कृष्णकमळाचा वेल. आत मागांची खडखड, बाहेर तापलेला पत्रा, आणि त्याला टेकून ही जांभळी फुलं निवांत उघडलेली. दोन वर्षं नुसती बघत गेले. तिसऱ्या वर्षी थांबले.

कारखान्याच्या मागच्या खोल्यांत मालकांच्या आई राहतात. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणते. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखं सोलापुरी मराठी.

"काय बघायलीस ग रोज?"

"फूल बघायलेय अम्मा. एखादी काडी द्याल का लावायला?"

"एक कशाला, चार ने की. पण आता नको लावू. मिरगाचा पाऊस पडू दे. उन्हाळ्यात लागत न्हाई ते."

पाडवा होऊन आठवडा झाला होता. मृग म्हणजे दोन महिने. मी म्हटलं, आत्ताच द्या, बघू काय होतं ते. अम्मांनी चार फुटांचा वेल शेंड्यासकट तोडून हातात दिला. त्यांच्या चेहऱ्यावर "बरं, बघ" असं काहीतरी होतं, पण त्या बोलल्या नाहीत.

घर दहा मिनिटांवर. तेवढ्यात शेंड्यानं मान टाकली. मी वेल मशीनच्या टेबलावर आडवा पसरला आणि कापडाच्या कात्रीनं त्याचे आठ तुकडे केले. कापडाची कात्री कागदालासुद्धा लावू न देणारी बाई मी, पण त्या दिवशी हातात दुसरं काही आलं नाही. एका व्हिडिओत सगळी पानं काढलेली होती म्हणून मीही काढली. मग आठही काड्या काचेच्या पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवल्या. खिडकी पश्चिमेची.

एप्रिलमधली सोलापुरातली पश्चिमेची खिडकी म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. चार वाजता पेल्यात बोट घातलं तर अंघोळीचं पाणी. चौथ्या दिवशी काड्यांचा खालचा भाग बुळबुळीत झाला, सहाव्या दिवशी वास सुटला. मी पाणी बदलत राहिले, तेही जीव वर धरून, कारण आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. पिंपात साठवलेलं पुरवून वापरायचं असतं. नवव्या दिवशी सगळं उकिरड्यात.

टाकताना एक गोष्ट दिसली आणि माझं मलाच हसू आलं. आठांतल्या तीन काड्या मी उलट्या ठेवल्या होत्या. शेंड्याकडची बाजू पाण्यात, बुडाकडची वर. कापडाची सुलट-उलट मी डोळे झाकून बोटांनी सांगते, आणि इथं पानं काढल्यावर वेलाची कुठली बाजू वरची हेच कळलं नव्हतं. खरं तर ते ओळखणं सोपं आहे. पान जिथं निघतं ते पेर. देठाच्या वर, बेचक्यात डोळा असतो आणि वेल ज्यानं आधार पकडून चढतो तो दोऱ्यासारखा तणावाही तिथूनच निघतो. म्हणजे पान काढल्यावर राहिलेला वण खाली आणि डोळा वर, ही काडीची सुलट बाजू. मुळं फुटतात ती बुडाच्या टोकाला. उलटी काडी पाण्यात कितीही दिवस उभी करा, ती बिचारी काय करणार. तेव्हापासून कापतानाच खूण करते: वरचा काप सरळ, खालचा तिरपा. आमच्या कटिंगमास्तरांच्या खाचांसारखंच.

दुसरी खेप मे महिन्यात. अम्मांकडं परत जायची लाज वाटत होती, पण त्यांनीच हाक मारली. "मेल्या न्हाईत का सगळ्या? ने अजून." या वेळी मी पाण्याच्या नादाला लागले नाही, माती घेतली. माझी नणंद मंगळवेढ्याला असते, तिच्याकडून आणलेली काळीभोर माती घरात होती. मंगळवेढ्याची ज्वारी म्हणजे काय चीज आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ती ज्वारी रब्बीत, वरून पाऊस नसताना, या काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर येते. मला वाटलं, ज्या मातीत ज्वारीचं ताट उभं राहतं तिथं वेलाची काडी का नाही लागणार.

तर ती ओल धरून ठेवणंच काडीला बाधतं. पेरलेल्या दाण्याला मूळ फुटून ते खाली जातं. काडीला मूळच नाही, नुसती कापलेली जखम आहे. ती जखम चिकट चिखलात दिवसरात्र बुडून राहिली की कुजते, आणि पाणी द्यायला एक दिवस चुकलो की तीच माती सुकून भेगाळते, डब्याच्या कडेपासून सुटते आणि काडी तिच्यात खिळखिळी होते. आईस्क्रीमच्या सहा डब्यांत सहा काड्या लावल्या होत्या. चार काळ्या पडल्या. दोघींना मात्र बाराव्या दिवशी डोळ्यातून हिरवं पान फुटलं.

काय आनंद झाला मला! फोटो काढला, स्टेटसला लावला, नणंदेला पाठवला, गठ्ठे न्यायला आलेल्या पोरालासुद्धा दाखवला. त्यानं "काकू, मिरची आहे का ही?" असं विचारलं. मग मी करू नये ते केलं. मुळं किती आलीत बघावं म्हणून एक काडी अलगद ओढली. ती इतक्या सहज बाहेर आली की पोटात खड्डा पडला. मूळ एकही नाही. टोकाला नुसता पांढरट फुगवटा, जखमेवर खपली धरावी तसा. मी म्हटलं दुसरीचंही बघू, आणि ती पण ओढली. तिचंही तसंच. परत खोचल्या, पाणी घातलं. तीन दिवसांत दोन्ही पानं वाळली.

त्या आठवड्यात सांगोल्याचे माझे दीर आले होते. त्यांची डाळिंबाची बाग आहे. त्यांना ही हकिकत सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, पान आलं म्हणजे मूळ आलं असं नसतंय. काडीत जे साठलेलं असतंय त्यावर पान फुटतंय. आणि तो फुगवटा आला होता ना? तिथूनच मूळ निघणार होतं. अजून आठ-दहा दिवस गप बसला असता तर!"

गप बसणं हाच सगळ्यात अवघड भाग आहे, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

भाऊजींचा सल्ला एकच, "गुटी बांधा की." डाळिंबाची रोपं आमच्या जिल्ह्यात बहुतेक अशीच होतात. झाडावरच्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, त्या जागी ओलं शेवाळ लावून प्लास्टिक गुंडाळायचं, आणि मुळं फुटली की खाली कापून रोप वेगळं करायचं. फांदीला झाडाचं पाणी मिळत राहतं, त्यामुळं ती मरायची भीती नाही. पण डाळिंबाची फांदी पेन्सिलीएवढी तरी असते, माझा वेल स्वेटरच्या सुईएवढा. साल काढायला गेले तर वेलच तुटला. मग भाऊजी म्हणाले, दाब कलम करा. अम्मांच्या कुंपणाखाली मी एक कुंडी ठेवली, जमिनीलगतचा वेल न तोडता वाकवून त्याचं एक पेर कुंडीतल्या मातीत दाबलं आणि वर दगड ठेवला. ही पद्धत मला अजूनही सगळ्यात खात्रीची वाटते. तीन आठवड्यांनी दगड हलवून बघितलं तर वेल जागचा हलेना, म्हणजे मूळ धरलेलं. दुसऱ्या दिवशी वेल कापून कुंडी घरी न्यायची असं ठरवलं आणि त्याच संध्याकाळी गल्लीतल्या शेळीनं तो बुडापर्यंत खाल्ला. शेळी कुणाची ते माहीत आहे. भांडण काढलं नाही, त्यांच्या दोन पोरांचे युनिफॉर्म माझ्याकडंच शिवायला असतात.

तोवर जून उजाडला. १५ जूनच्या आसपास शाळा उघडतात, आणि त्याआधीचे चार-पाच आठवडे आमच्या धंद्यात जेवायला सवड नसते. खाकी, नेव्ही ब्लू, मरून. रात्री डोळे मिटले तरी पिनोफोरचे प्लीट दिसतात. मृगाच्या दोन सरी पडून गेल्या आणि अम्मांनी आपणहून निरोप धाडला, "आता ने म्हणावं." १२ जूनच्या सकाळी मी गेले ते ओला टॉवेल घेऊनच. या खेपेला कोवळा शेंडा नको आणि बुडाचा लाकडासारखा झालेला भागही नको, मधला घेतला, जो वाकवला तर लवतो पण पिचत नाही. तोडला की लगेच ओल्या टॉवेलात गुंडाळला.

घरी आल्यावर नवं ब्लेड काढलं. कात्री वेलाला चिमटते आणि दाबलेली जागा आधी कुजते, ब्लेडचा काप स्वच्छ येतो. वीतभर लांबीच्या, तीन-तीन पेरांच्या दहा काड्या झाल्या. खालचा काप पेराच्या जेमतेम खाली, तिरपा. खालच्या दोन पेरांची पानं काढली. तणावे काढले, नाहीतर ते उगाच काडीचं बळ खातात. दोन काड्यांवर कळ्या होत्या, त्या खुडताना जीवावर आलं. वरचं एक पान ठेवलं आणि तेही आडवं अर्धं कापलं. पान ठेवलं तर त्यातून पाणी उडून जातं, सगळंच काढलं तर काडीला शिदोरी उरत नाही. त्यावरचा हा मधला तोडगा.

माती अजिबात नाही. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि चाळलेली वाळू निम्मी निम्मी. कोकोपीटची वीट बादलीत भिजवली की बघता बघता फुगून बादली भरते. त्यात क्षार असतात म्हणून ते दोन-तीनदा धुवून घ्यायचं असतं. पाण्याच्या बाबतीत हे आमच्या घरात पाप, म्हणून धुतलेलं तपकिरी पाणी दुसऱ्या बादलीत धरून त्यानं अंगण धुतलं. मिश्रण मुठीत आवळलं तर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये, इतपत ओलं ठेवलं. भाऊजींनी त्यांच्या गुटीसाठी आणलेलं मुळं फुटायचं औषध चिमूटभर पुडीत बांधून दिलं होतं. त्याला ते आयबीए म्हणतात. पाच काड्यांच्या टोकाला ते लावलं, पाच तशाच ठेवल्या. कोरफड, दालचिनी, मध असं बरंच काही लोक सांगतात. मी यातलं काही लावलं नाही.

पेले घेतले ते लग्नात सरबताला असतात तसले, पारदर्शक. तळाला तापवलेल्या सुईनं चार-चार भोकं. पारदर्शक अशासाठी की मूळ कडेला आलं की बाहेरून दिसावं आणि मला ओढून बघायचा मोह होऊ नये. पण मुळांना उजेड आवडत नाही. म्हणून नेव्ही ब्लू पँटच्या चिंध्यांच्या पट्ट्या कापून प्रत्येक पेल्याला एक झबलं शिवलं. हो, शिवलं, चिकटपट्टी मला जमत नाही. वर झाकायला शर्टच्या पॅकिंगच्या पारदर्शक पिशव्या होत्याच. कमानीसारखी तार वाकवून तिच्यावर पिशवी, म्हणजे प्लास्टिक पानाला चिकटत नाही.

आता जागा. उन्हात ठेवलं तर पिशवीच्या आत काड्या शिजतात. अंधारात ठेवलं तर पान पिवळं पडतं. घरातली सगळ्यात गार जागा शोधत फिरले आणि स्वयंपाकघरात उत्तरेच्या खिडकीखाली थांबले. तिथं तिवईवर आमचा माठ असतो. माठ पाझरतो, खालची फरशी कायम ओलसर, हवा गार, आणि खिडकीतून उजेड येतो पण ऊन येत नाही. दहा पेले तिवईखाली सरकवले आणि भिंतीवर टेलरच्या खडूनं लिहिलं: १२ जून, १० काड्या.

सासूबाई पाणी प्यायला आल्या. "माठाखाली कसली शेती काढलीस ग?"

"कृष्णकमळ आहे."

"पाणी प्यायचं का नाही आम्ही?"

त्यानंतर काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण मी बघितलंच नाही. एका शाळेनं ऐन वेळी चौकड्याचं डिझाइन बदललं आणि दोनशे शर्ट परत उसवून शिवायचे निघाले. पिशवीच्या आत पाण्याचे थेंब धरायचे आणि परत खाली पडायचे, त्यामुळं वरून पाणी द्यायची गरजच पडली नाही. दोनदा फक्त बुरशी येऊ नये म्हणून पिशव्या पाच मिनिटं उघडून परत लावल्या. एक काडी काळी पडलेली दिसली, ती काढून टाकली. बाकी काही केलं नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात काम उरकलं, मी पाय पसरून स्वयंपाकघरात बसले होते आणि सहज एका पेल्याचं निळं झबलं खाली सरकवलं.

कडेला पांढरं मूळ. टाक्याच्या दोऱ्याएवढं, पेल्याच्या भिंतीला लगटून खाली गेलेलं आणि तळाशी वळलेलं. त्याच्या बाजूला दुसरं, अजून अर्ध्यावर. मुळांवर इतकी बारीक लव होती की आधी ती बुरशीच वाटली. मी उरलेली सगळी झबली सरकवली. भिंतीवरच्या तारखेपासून २४ दिवस झाले होते.

हिशेब असा: औषध लावलेल्या पाचांतल्या चार लागल्या, न लावलेल्या पाचांतल्या तीन. एवढ्यावरून औषधाचं काही ठरत नाही, भाऊजी मात्र ठरवून मोकळे झाले.

इथं सगळं जमलं असं वाटून मी एक घाई केलीच. पिशवी काढून एक रोप थेट गच्चीत नेलं. तीन आठवडे दमट हवेत वाढलेलं पान ते. तासाभरात कागदासारखं झालं. उरलेल्या सहांच्या पिशवीचा आधी एक कोपरा कापला, दोन दिवसांनी दुसरा, मग संध्याकाळपुरती पिशवी काढायची, असं करत आठ दिवस घेतले. मग आठ इंची कुंड्या. पेला उलटा करून गड्डा अख्खा बाहेर काढायचा, मुळांची माती झटकायची नाही, कोवळी मुळं काचेसारखी तुटतात. कुंडीत दोन वाटे पोयटा, एक वाटा कुजलेलं शेणखत, एक वाटा वाळू. मंगळवेढ्याची माती तुळशीला दिली, ती तिच्यावर खूश आहे.

दोन वेल मी ठेवले, चार वाटले. माझ्या दोघांना चढायला गच्चीच्या कठड्यापासून वरच्या तारेपर्यंत दोरे बांधले, अम्मांच्या कारखान्यातल्या टाकाऊ सुताचे. तणाव्याचं एक मी बसून बघितलंय. सकाळी तो सरळ असतो, टोक किंचित आकडीसारखं, हवेत चाचपडतो. दोऱ्याला टेकला की तासा-दोन तासांत टोकाचा एक वेढा पडतो. दुसऱ्या दिवशी मधला सगळा भाग स्प्रिंगसारखा आवळलेला आणि वेल दोऱ्याकडं ओढला गेलेला. नीट बघितलं तर मध्यावर एका जागी वळण उलट्या दिशेनं फिरतं. दोन्ही टोकं बांधलेली असताना एकाच दिशेनं पीळ घालता येत नाही, दोरा फाटेल. म्हणून अर्धे वेढे इकडून, अर्धे तिकडून. बॉबिनवरून पीळ बसलेला दोरा सोडवताना मला हे रोज करावं लागतं. वेलाला कुणी शिकवलं कोण जाणे.

त्या वर्षी फूल आलं नाही. मी दर पंधरा दिवसांनी शेणखताचं पाणी घालत होते, वेल कठडाभर पसरला, पानं तळहाताएवढी, कळी एक नाही. अम्मा एकदा गच्चीत आल्या, पानं बघून म्हणाल्या, "जेवायला लय घालतेस ग तू. खाऊन झोपलंय ते." खत बंद केलं. थंडीत निम्मी पानं गळाली. मार्चमध्ये वेल दोन हातांवर छाटला आणि उन्हाळाभर वर हिरवी जाळी बांधली.

मधे एक प्रकरण झालं. पावसाळ्याच्या तोंडाला पानांवर काटेरी, तांबूस-काळ्या अळ्यांची फौज. चार दिवसांत एका वेलाचे नुसते देठ राहिले. ती टॉनी कोस्टर नावाच्या केशरी फुलपाखराची पोरं. त्यांना कृष्णकमळाच्या कुळातली पानं फार आवडतात. मी औषध मारणार होते, पण मुलीनं सगळ्या अळ्या एका कागदावर गोळा केल्या आणि त्यांच्यासाठी एक वेल राखीव ठेवायला लावला. तो वेल पंधरा दिवसांत परत फुटला, आणि वाटलं होतं त्यापेक्षा दाट फुटला.

पहिलं फूल आषाढात उघडलं. सकाळी साडेआठला कळीची टोकं सैल झालेली दिसली, गठ्ठा पोचवून येईपर्यंत फूल पूर्ण सपाट. लोक याला कौरव-पांडवांचं फूल म्हणतात: भोवतीच्या जांभळ्या तंतूंचे शंभर कौरव, त्यांच्यावर पाच पुंकेसरांचे पाच पांडव, आणि सगळ्यात वरचे तीन गाठाळ दांडे म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश. मी टाचणी घेऊन कौरव मोजायला बसले. ऐंशीच्या पुढं गेल्यावर चुकले, परत मोजले, परत चुकले. शंभर काही भरले नसावेत. गंमत म्हणजे या वेलाचं मूळ घर अमेरिका खंड. तिथं गेलेल्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी याच फुलात येशूचे क्रूसावरचे हाल बघितले. तीन दांडे म्हणजे तीन खिळे, पाच केसर म्हणजे पाच जखमा, तंतू म्हणजे काट्यांचा मुकुट. पॅशन फ्लॉवर या नावातलं पॅशन ते आहे, प्रेमाबिमाचं नाही. आपल्याकडं आल्यावर त्याच फुलात अख्खं महाभारत बसलं.

फूल दिवसभर एकाच जागी थांबतं असं नाही. उघडताना तीन दांडे वर उभे होते. दुपारपर्यंत ते वाकून केसरांच्या पातळीला आले. केसरांचा पराग खालच्या बाजूला असतो, त्यामुळं मधासाठी आत शिरलेल्या काळ्या भुंग्याच्या पाठीला तो घासून लागतो. पिवळी पाठ घेऊन तो दुसऱ्या फुलावर गेला की वाकलेला दांडा त्याच्या पाठीला शिवतो. एवढा खटाटोप होऊनही फळ एकही धरलं नाही. कृष्णकमळाच्या बऱ्याच जातींना स्वतःचा पराग चालत नाही, आणि माझे दोन्ही वेल म्हणजे अम्मांचाच वेल. काडीनं केलेलं रोप हे तेच झाड असतं, दुसऱ्या कुंडीत उभं राहिलेलं. गल्लीत मी चार वाटले तेही तेच. संध्याकाळी फूल मिटलं आणि दुसऱ्या दिवशी ओल्या चिंधीसारखं लोंबत होतं.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातले सगळे पद्मशाली, म्हणजे अम्मांसारखे तेलुगू विणकर, रस्त्यावर असतात. रथ बघून परतताना अम्मा नातवाचा हात धरून आमच्या गच्चीवर चढल्या. तीन फुलं उघडली होती. त्यांनी चष्मा वर केला, एक फूल बोटानं उलटून मागची बाजू बघितली, माझ्याकडं बघितलं.

"आमच्यापेक्षा रंग गडद आलाय ग."

"तुमचाच वेल आहे अम्मा."

"तेच म्हणतेय."

यंदा परत लावल्यात, आठ काड्या. भाऊजींना दोन हव्यात, ज्या काकांची शेळी त्यांच्या बायकोलाही एक हवी आहे. जागा तीच, माठाखालची. भिंतीवर खडूनं तारीख आहे, आज बाविसावा दिवस. मी अजून एकही झबलं सरकवलेलं नाही. काल रात्री मशीनवर बसले होते, आतून सासूबाईंचा आवाज आला, "तिसरीला दोन आलीत ग. सातवीला काहीच नाही." माठाखाली वाकून बघताना त्यांच्या गुडघ्याचा आवाज मला एवढ्या लांबवर ऐकू आला.

"सातवी ओढू नका," मी तिथूनच ओरडले.

"ओढतंय कोण," त्या म्हणाल्या.